शेऱ्याचा रकाना

द्रोणागिरीच्या वळणावर, वजनकाट्याच्या टपरीत
मला दिली आहे एक प्लास्टिकची खुर्ची, एक टॅब
आणि सत्तेचाळीस प्रश्न.
देश त्यात एक ते पाच गुणांत बसवायचा आहे.

कारखान्यातून निघाला तेव्हा किती वाजले होते?
जहाजावर चढला तेव्हा किती?
मधल्या वेळेला अहवालात भारदस्त नाव आहे.
आमच्या उरणात त्याला खोळंबा म्हणतात.

पहिल्या आठवड्यात सगळे डबे सारखेच दिसले,
निळे, विटकरी, कोपऱ्यांत गंजलेले.
मग ऐकायला शिकले.
गुणगुणतो तो रीफर. आत म्हाकूळ,
करंजाच्या धक्क्यावरची, उणे अठरावर गोठलेली,
स्पेनमधल्या कुणाच्या ताटाकडे निघालेली.
करंजा ते बंदर, हाकेचं अंतर.
मी नोंदवलं : एकोणीस तास.
मुके डबे फरशीचे, नळाच्या तोट्यांचे,
आणि रिकामे.
रिकामाही उभा राहतो रांगेत. त्याचंही भाडं चढतं.

एजंट मोकलांना विचारलं,
माल वेळेवर पोचेल याची खात्री, एक ते पाच?
ते चष्मा पुसत म्हणाले, तीन टाका.
चार टाकलं तर वर कुणी विश्वास ठेवणार नाही,
दोन टाकलं तर मला बोलावणं येईल.
देशाचा एक गुण असा ठरला,
कटिंग चहा निवायच्या आत.

सुदाम गर्जे, पाथर्डीचा,
ट्रेलरच्या सावलीत स्टोव्ह पेटवून बसलेला.
ताई, तुम्ही डब्याची वेळ लिहिता. माझी?
मी सत्तेचाळीस प्रश्न वरखाली केले.
डब्याला नंबर होता, सीलला होता, गेटला होता.
त्याने तांदूळ धुतले,
पाणी टायरच्या कडेला उगवलेल्या माठाला घातलं.
तो माठ त्याने मागच्या खेपेला पाहिला होता,
तेव्हा दोन पानांचा होता, म्हणाला.

उन्ह चढलं तसं मी काट्याकडे बघत बसले.
काट्यावर तुंगेकर चाचा.
ट्रक चढतो, आकडा थरथरतो, स्थिर होतो,
आणि प्रिंटर पावती गिळून बसतो.
चाचा त्याला तळहाताने दोनदा थोपटतात,
लेकराची ढेकर काढावी तसं,
मग झाकण, मग कागद सरळ, मग पुन्हा.
सहा मिनिटं.
दिवसाला दोनशे ट्रक.
मी टॅबच्या पाठीवर बोटाने गुणाकार केला :
वीस तास.
या टपरीत रोज जवळजवळ एक अख्खा दिवस
हरवत होता, आणि कुणी तक्रार लिहिली नव्हती,
कारण सहा मिनिटांसाठी कोण भांडतं?

शेवटी एक रकाना होता, शेरा.
बहुतेक जण त्यात 'नाही' लिहितात.
मी लिहिलं : प्रिंटर बदला.

दुसऱ्या फेरीला आले तेव्हा हवा कोरडी होती,
खाडीवर रोहित पक्षी उतरलेले.
काट्यावर नवीन यंत्र. पावती खर्रकन बाहेर.
चाचांचे हात रिकामे,
कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं.

खोळंबा मेला नव्हता, हेही लिहिते.
चारशे मीटर पुढे, स्कॅनिंगच्या फाटकापाशी
जाऊन बसला होता, पाय पसरून.
तिथे माझी खुर्ची अजून पोचायची आहे.

पण त्या दुपारी मागून हॉर्न वाजला,
रांग हलली,
आणि गर्जे शिव्या देत स्टोव्ह विझवू लागला.
पातेलं फडक्यात गुंडाळून केबिनमध्ये चढवलं,
झाकणातून वाफ,
तोंडभर हसू, आणि शिव्या चालूच.
चार वर्षांत पहिल्यांदा, खिडकीतून ओरडला,
भात शिजायच्या आत नंबर आला!

मी शेऱ्यात तेच लिहिलं.
टॅब म्हणाला, कृपया उत्तर अंकांत द्या.